शेवटची ओळ रिकामी ठेवावी

सर, सोमवारपासून तुमची शिध्याच्या हिशेबाची फाईल कळमेश्वरलाही चालणार आहे. काल दुपारी स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकांनी स्वतः फोन करून हे पक्कं केलं. संस्थेने तिकडे दुसरं स्वयंपाकघर उभारलंय, आसपासच्या शाळांचं दुपारचं जेवण आता तिथून जाणार. गेला महिनाभर त्यांनी एक विकतचं सॉफ्टवेअर तुमच्या फाईलच्या शेजारी चालवून पाहिलं आणि शेवटी तुमचीच फाईल न्यायचं ठरवलं. कारण विचारलं तर ते म्हणाले, त्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा येतो, पण कुठून आला ते कळत नाही. गुरुजींच्या फाईलमध्ये वाचता येतं. हे व्यवस्थापक तुम्ही गेल्यानंतर आलेले, त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. तरी तेही तुम्हाला गुरुजीच म्हणतात. फाईल समजावून द्यायला सोमवारी अर्धा दिवस याल का, असं त्यांनी मला विचारलं, कारण ती बनताना पाहिलेली मी एकटीच उरले आहे. मी हो म्हटलं. वर्तमानपत्रात इतकी वर्षं पानं लावल्यावर वेळ मागून घेणाऱ्याला पटकन हो किंवा नाही सांगायची सवय लागते.

कळमन्याच्या बाजारामागची ती पत्र्याची खोली मला अजून तशीच दिसते. एका बाजूला भिंतीपलीकडे वाफेवर शिजणारा भात, दुसऱ्या बाजूला धान्याची पोती, आणि मध्ये एका टेबलावर संगणक, ज्याच्या कीबोर्डच्या फटींत कायम हळद. मी बी.कॉम. झालेली, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि त्या खोलीत आपल्याइतकं स्प्रेडशीट कोणालाच येत नाही याची खात्री असलेली. तुम्ही गांधीबागेजवळच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले, लुनावर यायचात, पगार घेत नव्हतात. मी पहिल्या आठवड्यात रोजच्या शिध्याचं शीट तयार केलं आणि तुम्हाला दाखवलं. शाळांची नावं एका उभ्या पट्ट्यात, मुलांची संख्या दुसऱ्यात, आणि तांदूळ, डाळ, तेल यांची सूत्रं खाली. सूत्रांत जिकडेतिकडे डॉलरची चिन्हं, एफ-तीन, सी-दोन ते सी-एकेचाळीस. सगळी उत्तरं बरोबर होती. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एका सूत्रावर बोट ठेवलंत.

"हे एफ-तीन कोण आहे वं पोरी?"

मी म्हटलं, सर, ती चौकट आहे, एका मुलाला लागणारी डाळ तिच्यात लिहिली आहे.

"मग तसं म्हण ना. एफ-तीन काहून म्हणते? उद्या तू सुट्टीवर गेली तं मी काय या एफ-तीनले विचारू, बाई तू कोणाची?"

मला राग आला होता, हे तुम्हाला दिसलंच असेल. बरोबर आलेल्या उत्तराला नावं ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुम्ही मला उठवून स्वयंपाकघरात घेऊन गेलात. तिथे मुख्य स्वयंपाकीण मावशी ओरडून कामं सांगत होत्या. त्यांच्याकडे सात मोठे गंज, म्हणजे पातेली, होते आणि प्रत्येक गंजाला नाव होतं. एक थोरली, एक काळी, एक पोचा पडलेली म्हणून फुगडी. मावशी म्हणत होत्या, थोरलीत भात टाका, काळीत वरण, फुगडीले हात लावू नका, ती उद्याच्या मटकीची आहे. नवीन आलेल्या बायकाही दुसऱ्या दिवशी चुकत नव्हत्या. तुम्ही दारात उभं राहून मला एवढंच म्हणालात की मावशी डावीकडून तिसरा गंज म्हणत नाहीत, कारण संध्याकाळी घासून ठेवताना गंजांच्या जागा बदलतात.

पुढचे तीन दिवस आपण फक्त नावं दिली. एफ-तीनचं झालं डाळ. मुलांच्या संख्येचा पट्टा, सी-दोनपासून सी-एकेचाळीसपर्यंत, त्याचं झालं पट. शाळांच्या नावांचा पट्टा, शाळा. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी, कारण इंग्रजी शब्द ठेवला तर धान्याची कोठी सांभाळणारे कोठीवाले भाऊ वाचणार नाहीत, असं तुमचं म्हणणं. नावात मोकळी जागा चालत नाही, तर मध्ये खालची रेघ द्यायची. दोन वस्तूंना एकच नाव द्यायचं नाही. आणि आपल्याला स्वतःला मोठ्याने उच्चारायची लाज वाटेल असं संक्षिप्त रूप करायचं नाही. मला ते तीन दिवस वाया गेल्यासारखे वाटत होते. चौथ्या दिवशी तुम्ही एक सूत्र वाचून दाखवलंत: पटाची बेरीज गुणिले डाळ. तेवढंच. डॉलर नाही, आकडा नाही. तुम्ही ते कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून कोठीच्या भिंतीला चिकटवलंत, आणि खाली तांदळाचं, तेलाचं, मिठाचं.

दोन दिवसांनी मावशी त्या कागदासमोर उभ्या आहेत, ओल्या हाताने पदर खोचलेला. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर लावून लावून वाचायच्या. वाचून झाल्यावर त्या खोलीत आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, पट काहून धरला? पटावर तं गाव सोडून गेलेल्या पोराचंही नाव रायते. जेवाले येते किती, ते पाहा ना." तुम्ही खुर्चीतून उठलात. मावशी घाबरल्या, आपण काही चुकीचं बोललो की काय. तुम्ही त्यांना बसायला खुर्ची दिलीत आणि मला म्हणालात, बघ, फाईलमध्ये चूक सापडली, आणि सापडली कोणाला. त्या दिवसापासून रोज सकाळी शाळांकडून आदल्या दिवशीची हजेरी मागवायला लागलो. पट्ट्याचं नाव बदलून हजर केलं. मावशी जाता जाता म्हणाल्या, पण हजरीवर बेतलं तं एखाद दिवशी कमी पडेल, वरून माझी ओंजळ टाका. तर तुम्ही एक वेगळी चौकट केलीत आणि तिला नाव दिलंत, मावशी_ओंजळ. ती चौकट अजून आहे. काल व्यवस्थापकांनी मला विचारलं, हे काय आहे, काढून टाकलं तर चालेल का. मी नको म्हटलं.

तेव्हा मला हे नीट शब्दांत सांगता आलं नसतं, आज येतं. माझं शीट बरोबर होतं, पण त्याच्याशी फक्त मी भांडू शकत होते. तुमच्या शीटशी मावशी भांडू शकल्या. पुढे मी बातम्यांच्या धंद्यात गेले, रोज कोणाचं तरी लिखाण माझ्यासमोर येतं, आणि मी अजून तेच पाहते: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला हे वाचून आपलं म्हणणं मांडता येईल का. माझ्या हाताखालच्या मुलांना वाटतं मी हे पत्रकारितेच्या वर्गात शिकले.

आता त्या ओळीबद्दल. शाळांच्या पट्ट्याची शेवटची ओळ तुम्ही नेहमी रिकामी ठेवायचात. त्यात नाव नाही, हजेरी नाही, फक्त फिकट पिवळा रंग. नवीन शाळा आली की तुम्ही त्या पिवळ्या ओळीच्या वर एक ओळ घालायचात आणि तिच्यात शाळा लिहायचात. तुम्ही तसं करता हे मी पाहिलं होतं. का करता, ते विचारलं नव्हतं. गाड्यांची यादी त्या शाळा नावाच्या पट्ट्यावरूनच छापून निघायची, त्यामुळे प्रत्येक यादीच्या तळाशी एक रिकामी चौकट यायची. मला ती डोळ्यांत खुपायची. मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते, कायम करायचं की नाही हे सचिव त्याच महिन्यात ठरवणार होते, आणि माझी यादी नीटनेटकी दिसावी असं मला वाटत होतं. एका शुक्रवारी तुम्ही बँकेत गेला असताना मी ती पिवळी ओळ काढून टाकली. सोमवारी वीटभट्टीवरच्या मुलांची एक छोटी शाळा नव्याने जोडायची होती. तुम्ही हजेरीच्या फोनवर होतात, मला म्हणालात, तूच घाल. मी शेवटच्या शाळेच्या खाली तिचं नाव लिहिलं, पुढे मुलांची संख्या एकोणचाळीस लिहिली, आणि यादी छापली.

पट्ट्याच्या आत ओळ घातली की पट्टा ताणला जातो. पट्ट्याच्या बाहेर, खाली काही लिहिलं, तर तो जिथे संपत होता तिथेच संपतो. ती पिवळी ओळ होती तोवर कुठलीही नवी शाळा आतच पडत होती. मी ती काढली, आणि नवी शाळा त्या नावाच्या पट्ट्याबाहेर पडली. पडद्यावर ती इतर शाळांसारखीच दिसत होती. यादीत मात्र नव्हती. तिचा डबा भरला गेला नाही, गाडीत चढला नाही, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण यादीतल्या सगळ्या शाळांवर टिक झाली होती.

साडेअकराला त्या शाळेच्या बाईंचा फोन येतो. मुलं ताटं घेऊन बसली आहेत, गाडी कुठे आहे? तुम्ही यादी पाहता, पडदा पाहता, पुन्हा यादी. मग मावशींकडे जाता. मावशींनी फुगडीत खिचडी टाकली, त्या मला म्हणाल्या, चल वं माय, तांदूळ धू, उभी राहून काय पाहून राहिली. गाडी शिल्लक नव्हती, तुम्ही बाजारातून एक मालाचा ऑटो आणलात. आपण दोघं त्यात डबे धरून बसलो. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. निम्मी मुलं भट्टीवर आईबापाकडे परत गेली होती. उरलेली ओळीत बसलेली, एका मुलीने उन्हासाठी ताट डोक्यावर धरलेलं. तिने ते डोक्यावरून काढून पुढे केलं तर ते इतकं तापलं होतं की खिचडी वाढताना माझं बोट भाजलं. तुम्ही त्या बाईंची माफी मागितलीत आणि मग भट्टीवर जाऊन गेलेल्या मुलांना एकेक करून बोलावून आणलंत. परत येताना ऑटोत तुम्ही मला विचारलंत, जेवली का तू?

दुसऱ्या दिवशी सचिवांनी बोलावलं. मी वह्या घेऊन तुमच्या मागे उभी होते. शाळा यादीतून सुटली कशी, हे त्यांनी विचारलं. मला माहीत होतं. रात्रभर मी तेच डोक्यात घोळवत होते, आणि वाक्यही तयार होतं. तुम्ही त्याआधीच म्हणालात, "फाईल माझी आहे, चूक माझी." सचिव म्हणाले की गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी वह्यांची थप्पी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढंच केलं. त्यानंतर नियम झाला की तुमची यादी गाडी निघण्याआधी कोठीवाल्या भाऊंनी हाताने तपासायची आणि सही द्यायची. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस वर्षभर रोज सकाळी कागद घेऊन कोठीच्या दारात उभा राहायचा. भाऊंना लाज वाटायची, ते न बघताच सही करायला जायचे, तर तुम्ही त्यांना थांबवून म्हणायचात, "मोज गा, मोज. न मोजता पास करते का कोणी?" भाऊ हसायचे. मी खोलीतून ते ऐकायचे आणि कीबोर्डमधली हळद काढत बसायचे. त्या महिन्याच्या शेवटी मला कायम केलं.

पिवळी ओळ मी सोमवारी संध्याकाळीच परत घातली होती, पट्ट्याच्या आत. तुम्ही मंगळवारी फाईल उघडलीत तेव्हा सगळं जागेवर होतं, आणि तुम्ही त्याबद्दल कधीच काही बोलला नाहीत. म्हणून मी धरून चालले की तुम्हाला कळलं नाही. मला वाटलं होतं थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. मग तुम्ही ती सही गमतीवर नेलीत, आणि गमतीच्या मध्ये असलं काही कसं काढायचं. मग मला वर्तमानपत्रात नोकरी लागली. निघायच्या दिवशी तुम्ही मला स्टीलचा एक डबा दिलात, शाळांच्या डब्यांवर असतं तसं झाकणावर लाल ऑइल पेंटने माझं नाव घातलेला, स्वतःच्या हाताने. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती म्हणून ते काठावरून खाली वळवलेलं. मावशी म्हणाल्या, गुरुजीले फळ्यावरच लिहिता येते. त्याही दिवशी सांगता आलं असतं. पुढे भेटी कमी झाल्या, आणि एका उन्हाळ्यात भाऊंचा फोन आला की गुरुजी गेले. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, पान छपाईला सोडलं आणि मग घाटावर आले. सगळं आटोपलं होतं.

काल फोन ठेवल्यावर मी व्यवस्थापकांकडून फाईल मागवून घेतली. सोमवारी शिकवायची तर आधी उजळणी करावी, इतकाच विचार होता. सगळी नावं एकत्र दिसतात ती खिडकी उघडली. मी तिथे होते तेव्हाच्या स्प्रेडशीटच्या आवृत्तीत फक्त नाव आणि चौकटीचा पत्ता दिसायचा. मी गेल्यानंतर कधीतरी संस्थेने नवी आवृत्ती घेतली असणार, तिच्यात प्रत्येक नावाशेजारी टीप लिहायची सोय होती, आणि तुम्ही एकही जागा मोकळी सोडली नव्हतीत. डाळ: कोरडी, भिजवलेली नव्हे. तेल: उन्हाळ्यात बदलू नये. हजर: कालची हजेरी, पट नव्हे, ही सुधारणा मावशींची. मावशी_ओंजळ: मावशी सांगेल तितकी, वाद घालू नये. मी एकटीच हसले. एकेक टीप वाचत खाली आले, आणि शाळा या नावाशेजारी हे होतं, तुमच्या त्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत:

"शेवटची ओळ रिकामी ठेवावी. नवी शाळा तिच्या वर घालावी. तिच्या खाली लिहिल्यास शाळा नावाबाहेर राहते, मुले उपाशी राहतात. हे कारण मी पोरीला सांगितले नव्हते. चूक माझी."

तुम्हाला माहीत होतं, सर. त्या मंगळवारी सचिवांसमोर उभे होतात तेव्हाच माहीत होतं, आणि 'चूक माझी' हे तुम्ही मला वाचवायला बोलला नव्हतात. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. मी इतकी वर्षं समजत आले की एका माणसाने माझी चूक अंगावर घेतली. तुमच्या हिशेबी ती तुमचीच होती, कारण सोबत काम करणाऱ्या माणसाला का ते न सांगता नुसतं कसं करायचं ते दाखवलं होतं. मला पटत नाही. कारण न विचारता ओळ काढणारी मी होते, आणि कळल्यावर गप्प बसणारीही मीच. तुम्ही असता तर यावरून आपलं भांडण झालं असतं, आणि मावशींनी दोघांनाही गप्प केलं असतं.

सोमवारी कळमेश्वरहून ज्या बाई फाईल समजून घ्यायला येणार आहेत त्यांच्याशी माझं फोनवर बोलणं झालं. तीन वर्षं त्यांनी एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळलंय. त्यांनी फाईल आधीच मागवून घेतली आहे, सगळ्या टिपा वाचल्या आहेत आणि प्रश्न लिहून काढलेत. त्यातले दोन त्यांनी फोनवरच विचारले. बाकीचे भेटीत, म्हणाल्या. मी काल तुमच्या टिपेखाली एक ओळ लिहिली होती, 'ओळ मी काढली होती', एवढीच. मग व्यवस्थापक विचारतील, बदल काय केला, असं मनात आलं, आणि मी फाईल जतन न करता बंद केली. हे पत्र लिहिणं सोपं गेलं ते याच्यामुळेच, की ते कुठे जाणार नाही. सोमवारी आठ वाजता आम्ही फाईल उघडू. पिवळ्या ओळीच्या वर नव्या शाळा एकेक करून घालू, त्या शाळांची हजेरी तोवर आलेली असेल. साडेनऊला पहिली गाडी निघेल. त्याच्या आधी केव्हातरी त्या बाई त्या टिपेवर बोट ठेवतील आणि विचारतील, ही पोरगी कोण?